सतरंजी कोण घालतं, माईक कोण धरतो?

(आमच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण. लिहून काढताना थोडं संपादन केलं आहे. वक्त्या मुंबईत इंटरनेट सेवा देणाऱ्या एका कंपनीत नेटवर्क अभियंता आहेत.)

मैत्रिणींनो,

संयोजक बाईंनी मला बोलावलं तेव्हा मी त्यांना विचारलं, "मी तर तारा आणि यंत्रं सांभाळणारी बाई. तुमच्या मेळाव्यात मी काय बोलू?" त्या म्हणाल्या, "तू मागच्या वेळी जेवताना जे सांगत होतीस ना, तेच बोल." मागच्या वेळी जेवताना मी तक्रार करत होते! तेव्हा आज जे बोलणार आहे ती मुळात एक तक्रार आहे. पण ती करता करता मला काही गोष्टी समजत गेल्या, आणि त्यातल्या एक-दोन आपल्या घरातल्याही निघाल्या. म्हणून इथे उभी आहे.

आज सकाळी मी लवकर आले. हॉलमध्ये चार जणी सतरंज्या घालत होत्या. एक जण पावतीपुस्तक घेऊन दाराशी बसली होती. मागे दोघी चहाचं आधण ठेवत होत्या. ही सगळी कामं होऊन गेली, मग आपण जमलो, आणि आता माईक माझ्या हातात आहे. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. आपण शेवटी परत इथेच येणार आहोत.

आधी माझ्या कामाबद्दल. इंटरनेट म्हणजे कुठली तरी एक मोठी कंपनी असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जगात ७० हजारांहून जास्त लहानमोठी, स्वतंत्र नेटवर्क आहेत. कुणाचं कंपनीचं, कुणाचं विद्यापीठाचं, कुणाचं सरकारी. प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याला सांगतो की 'अमुक अमुक पत्त्यांवर जायचं असेल तर माझ्याकडून वाट आहे.' शेजारी ते ऐकतो आणि पुढच्याला सांगतो. गावात नवखा माणूस जसा विचारत विचारत घर शोधतो, तसा तुमचा निरोप नागपूरहून न्यूयॉर्कला जातो. ही सांगण्या-ऐकण्याची पद्धत मुळात विश्वासावर उभी आहे. खोटं बोलणाऱ्याला पकडण्याच्या तजविजी आता आल्या आहेत, पण त्या अजून सगळीकडे पोचलेल्या नाहीत.

विश्वास चुकला तर काय होतं याचं एक उदाहरण देते. २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला. तिथल्या दूरसंचार कंपनीने आपल्या देशापुरती एक खोटी पाटी लावली की 'यूट्यूब इकडे आहे.' ती पाटी चुकून देशाबाहेर गेली. शेजाऱ्याने ती खरी मानली, त्याच्या शेजाऱ्याने मानली, आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासं झालं. ते निस्तरलं वेगवेगळ्या कंपन्यांत बसलेल्या अभियंत्यांनी. यूट्यूबवाल्यांनी आपल्या खऱ्या पाट्या जास्त नेमकेपणाने लावल्या, आणि पाकिस्तानातल्या त्या कंपनीला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या कंपनीने ती खोटी वाट काढून टाकली. जगाचा एवढा मोठा कारभार, आणि त्याला ठिगळ लावायला शेवटी माणसंच लागतात.

त्याच वर्षी ३० जानेवारीला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या. आपल्या देशाचा पश्चिमेकडचा मोठा रस्ता त्याच केबलींवरून जात होता. मी तेव्हा कामावर होते. आमच्याकडचे टेलिफोन खाली ठेवायला उसंत नव्हती. त्या रात्री आम्हाला पूर्वेकडून, सिंगापूरच्या वाटेने थोडी क्षमता उसनी मिळाली, ती आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या एका कंपनीतल्या माणसाकडून. मी त्याला फोन करू शकले, कारण एका परिषदेत चहाच्या रांगेत आमची ओळख झाली होती आणि त्याचा नंबर माझ्या वहीत होता. साहेबामार्फत कागद गेला असता तर आठवडा लागला असता.

आता लक्षात येईल की नेटवर्क चालवणाऱ्यांच्या परिषदा का होतात. ओळखीसाठी, शिकण्यासाठी, आणि रात्री दोन वाजता कुणाला तरी हक्काने उठवता यावं म्हणून.

या परिषदांचा इतिहास आपल्याला जवळचा वाटेल असा आहे. युरोपात १९८९ साली रायप नावाच्या सभा सुरू झाल्या. अमेरिकेत १९९४ साली मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या गावी नॅनॉगची पहिली बैठक झाली. आशियासाठी १९९६ साली सिंगापूरला ॲप्रिकॉट नावाची परिषद भरली. आफ्रिकेतल्या लोकांनी २००० साली केप टाऊनमध्ये ॲफनॉग सुरू केलं. आणि आपल्या दक्षिण आशियाचं सॅनॉग जानेवारी २००३ मध्ये काठमांडूला सुरू झालं. पुढे ते फिरत राहिलं. कोलंबो, बंगळूर, ढाका, थिंफू. २००६ च्या जानेवारीत ते मुंबईत होतं आणि त्याच वर्षी कराचीत. दोन्ही सरकारं एकमेकांकडे कशी बघतात ते आपण जाणतो. तरी सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं एका टेबलावर बसून तारांबद्दल बोलत होती. मला या गोष्टीचा अजूनही अभिमान वाटतो.

आणि हे सगळं कोण करतं? बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक. मोठ्या संस्थांकडे आता पगारी माणसं आहेत. पण आपल्याकडच्या परिषदांत शिकवणारे फी घेत नाहीत, कार्यक्रम ठरवणारे मानधन घेत नाहीत, आणि यजमान शहरातली माणसं आपली नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी राबतात.

तुमच्यापैकी ज्यांनी १९८० सालची मुंबईची परिषद पाहिली, १९८५ ची पाहिली, किंवा ज्या १९८८ साली पाटण्याला आणि १९९० साली कालिकतला गेल्या, त्यांना हे ओळखीचं वाटेल. रेल्वेचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट, शाळेच्या वर्गात झोपणं, घरोघर फिरून जमवलेली वर्गणी. आमच्या परिषदा हॉटेलात होतात आणि कंपन्या प्रायोजक असतात, हा फरक आहे, आणि तो लहान नाही. पण 'कुणी सांगितलं म्हणून करत नाही, आपलं आहे म्हणून करतो' ही भावना तीच.

अशा परिषदेला काय काय लागतं, ते जरा सविस्तर सांगते. बऱ्याचदा ती आठवडाभराहून जास्त चालते. सुरुवातीला पाच दिवस कार्यशाळा, म्हणजे खरी यंत्रं समोर ठेवून शिकवणं. मग छोटे वर्ग. मग दोन दिवस भाषणं आणि चर्चा. सहा महिने आधी तारीख ठरते. ती ठरवताना ईद, दिवाळी, परीक्षा, पावसाळा सगळं बघावं लागतं. परदेशच्या माणसांना व्हिसासाठी पत्रं लागतात, आणि ढाक्याच्या नाहीतर लाहोरच्या माणसाच्या पत्राला जास्त वेळ लागतो. शिकवण्याची यंत्रं बाहेरून आली तर ती जकातीत अडकतात. हॉटेलात दोनशे माणसांचं नेटवर्क नव्याने उभं करावं लागतं, कारण हॉटेलवाल्याचं असलेलं त्या लोकांपुढे टिकत नाही. कुणी काय बोलायचं ते ठरवायला कार्यक्रम समिती असते. नोंदणी असते, बिल्ले असतात, पिशव्या असतात, जेवणात शाकाहारी किती आणि हलाल किती ते बघायचं असतं, कुणी आजारी पडलं तर डॉक्टर शोधायचा असतो.

आता या यादीतून मधोमध एक रेघ ओढा. एका बाजूला यंत्रं, नेटवर्क, कार्यक्रम समिती, व्यासपीठ. दुसऱ्या बाजूला पत्रं, बिल्ले, जेवण, औषधं, पाहुण्यांची विचारपूस. कुठल्या बाजूला कोण असेल हे मी सांगायला हवं का?

माझी गोष्ट सांगते. मी सातारा जिल्ह्यातली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. १९९८ च्या शेवटी खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायला परवानगी मिळाली आणि १९९९ साली मी एका कंपनीत लागले. मोडेमची ती किरकिर आठवत असेल तुम्हाला. मी ग्राहकांच्या फोनपासून सुरुवात केली आणि भांडून भांडून यंत्रांपर्यंत पोचले. भांडून म्हणते, कारण आमच्या धंद्यात महत्त्वाचे बदल रात्री दोन ते पाच या वेळात करतात. तेव्हा वापर कमी असतो ना! आणि 'बाईमाणसाला रात्री कशाला?' म्हणून मला त्यात घेत नसत. वर वर पाहिलं तर ही काळजी. पण जो रात्री नसतो तो शिकत नाही, आणि जो शिकत नाही त्याला बढती नाही. मी लिहून दिलं की मला रात्रपाळी हवी आणि घरी सोडायला गाडी हवी. दीड वर्षाने दोन्ही मिळालं.

अशी दहा वर्षं झाली तेव्हा, २००९-१० च्या सुमारास, एका परिषदेसाठी स्वयंसेवक हवेत असं कळलं. परिषदेचं नाव सांगत नाही. त्यातली माणसं वाईट नव्हती, आणि आज त्यांतले काही माझे चांगले सहकारी आहेत. मी मोठ्या उत्साहाने गेले. पहिल्याच बैठकीत कामं वाटली गेली. मी म्हटलं, मला नेटवर्कच्या गटात घ्या. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "ते आमची मुलं बघतील. तुम्ही नोंदणीचं टेबल घ्या ना ताई, तुम्ही छान बोलता." आणखी दोघी होत्या. त्यांनाही तेच. एक तर पाच वर्षं राउटर चालवत होती. तिला पिशव्या भरायला दिल्या.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग नको ना जाऊस. तुला पगार थोडाच देतायत?" बघा, फुकट कामाला नाही म्हणायचं स्वातंत्र्य तेवढं होतं! पण मला जायचं होतं. सासूबाईंनी मुलाला सांभाळलं म्हणून मी जाऊ शकले. हेही लक्षात ठेवा.

परिषदेचा दुसरा दिवस. सकाळी नऊपासून माझ्या टेबलाशी माणसं येऊन तक्रार करू लागली की वायफाय लागत नाही. हॉलमध्ये आमची मुलं घाम गाळत होती. कुणी म्हणे यंत्र तापलं, कुणी म्हणे बाहेरची लाईन गेली. पण टेबलाशी बसलेल्याला सगळ्यांचे चेहरे दिसतात. माझ्या लक्षात आलं की तक्रार घेऊन येणारे सगळे आजच आलेले आहेत. कालपासून जे आहेत त्यांचं व्यवस्थित चाललं आहे.

यंत्रातली गोष्ट थोडक्यात अशी. वायफायवर येणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपला, प्रत्येक फोनला एक पत्ता द्यावा लागतो. आमच्याकडे असे अडीचशेच पत्ते वाटायला ठेवले होते, आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास त्याच्याच नावावर राहील अशी व्यवस्था केली होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. माणूस संध्याकाळी घरी गेला, पण त्याचा रुमाल सीटवरच. एकेकाकडे लॅपटॉप आणि फोन असे दोन दोन रुमाल. दुसऱ्या दिवशी नवीन माणूस आला तर गाडी रिकामी दिसते, पण बसायला जागा नाही.

मी आत जाऊन सांगितलं, "पत्ते संपले असतील. मुदत तासावर आणा आणि पत्ते वाढवा." त्यातला एक मुलगा म्हणाला, "हो मॅडम, बघतो," आणि वळला. दुसऱ्याने विचारलं, "टेबलावर कोण आहे?" मी परत टेबलावर आले. दोन तासांनी, सगळं बदलून पाहून झाल्यावर, त्यांनी मुदत तासावर आणली आणि पत्ते वाढवले. पाच मिनिटांत सुरळीत झालं.

शेवटच्या दिवशी आभार मानले गेले. तांत्रिक गटातल्या सहा जणांची नावं एकेक करून वाचली. प्रत्येक जण उभा राहिला, टाळ्या झाल्या. मग म्हणाले, "आणि ज्या भगिनींनी हसतमुखाने सर्वांचं स्वागत केलं, त्यांचेही आभार." नावं नाहीत. पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला राग आला तो आभार न मानल्याचा नव्हता. मी स्वतःला विचारत होते की मी पुन्हा आत का गेले नाही? दहा वर्षं ज्या कामासाठी मी रात्री भांडून मिळवल्या, ते काम मला येत होतं. तरी "टेबलावर कोण आहे?" असं म्हटल्याबरोबर माझे पाय आपोआप टेबलाकडे वळले. पाहुणे उभे असताना यजमानीण भांडत बसत नाही, हे आपल्या हाडांत किती खोल बसलेलं आहे!

नंतर मी शांतपणे विचार केला. स्वयंसेवेला आपण एकच शब्द वापरतो, पण त्या एका शब्दात दोन वेगळी कामं आहेत. एक दिसतं. ज्याने व्यासपीठावरून भाषण केलं, ज्याने नेटवर्क उभं केलं, त्याला पुढच्या नोकरीत ते उपयोगी पडतं. त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. त्याला दुसऱ्या देशातून बोलावणं येतं. म्हणजे ते काम फुकट असलं तरी वाया जात नाही, ते बँकेत पडतं. दुसरं काम दिसत नाही. बिल्ले, पत्रं, विचारपूस. ते त्या त्या दिवशी खर्ची पडतं आणि संपतं. वर असं म्हणतात की ते बायकांना 'जमतंच'. म्हणजे पुरुषाने केलं ते कौशल्य आणि आपण केलं तो स्वभाव.

आणि आणखी एक. जे दिसतं ते काम करायला दहा दिवस घरापासून मोकळं व्हावं लागतं. परगावच्या परिषदेत पुरुष दहा दिवस शिकवायला जातो तेव्हा त्याच्या मुलांची शाळा, त्याच्या आईची औषधं कोण बघतं? त्या दहा दिवसांच्या खाली कुणा बाईचे दहा दिवस अंथरलेले असतात. त्याची स्वयंसेवा मोजली जाते, तिची मोजली जात नाही. माझ्या तीन दिवसांखाली माझ्या सासूबाईंचे तीन दिवस होते. मीही त्यांचे आभार मानले नव्हते. घरी गेल्यावर मानले, तर त्या म्हणाल्या, "मला कशाला, मी काय परिषदेला आले होते?"

पुढे काय झालं ते सांगते. आम्ही तिघी पुढल्या वर्षी पुन्हा गेलो. बैठकीच्या आधी एका हॉटेलात चहा घेत एक पत्र लिहिलं. चार मागण्या होत्या. पहिली: नोंदणीचं टेबल सगळ्यांनी पाळीपाळीने सांभाळायचं, नेटवर्कच्या मुलांनीसुद्धा. दुसरी: कार्यक्रम समितीत बायका हव्यात, आणि पहिल्यांदा बोलणाऱ्यांसाठी काही वेळ राखून ठेवायचा. तिसरी: लहान गावांतून येणाऱ्या मुलींना प्रवासखर्च आणि राहायला स्वतंत्र खोली. चौथी: आभार मानताना प्रत्येकाचं नाव आणि त्याने केलेलं काम, दोन्ही वाचायचं.

तिसरी मागणी लगेच मान्य झाली, कारण तिला पैसा लागत होता आणि पैसा देणारे प्रायोजक होते. चौथीला सगळे हसले, पण हो म्हणाले. दुसरीवर वाद झाला. ते ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "गुणवत्ता बघायची की बाई आहे ते बघायचं?" माझी मैत्रीण, पिशव्या भरणारी, शांतपणे म्हणाली, "सर, गेल्या वर्षी पत्ते कुणामुळे संपले आणि ते ओळखलं कुणी? गुणवत्ता बघायचीच तर तिथून सुरुवात करू." बैठकीत कुणी काही बोललं नाही. ती समितीत गेली.

पहिल्या मागणीला सगळ्यात जास्त विरोध झाला. एका मुलाने सरळ सांगितलं, "मी इथे शिकायला येतो, बिल्ले वाटायला नाही." मी म्हटलं, "आम्हीही." शेवटी ठरलं की दोन दोन तासांच्या पाळ्या. पहिल्या दिवशी त्या मुलाने दोन तासांत इतक्या माणसांशी ओळखी केल्या की दुपारी तो आपणहून परत येऊन बसला. टेबलावर काय काय कळतं ते त्याला कळलं!

राखून ठेवलेल्या वेळात त्या वर्षी विदर्भातली एक बाई बोलली. नवरा वारल्यावर केबलचा धंदा तिने हातात घेतला होता आणि त्याच तारांवरून तालुक्याला इंटरनेट देत होती. भाषण मराठी-हिंदीत. विषय होता रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने महिन्यात किती वेळा फायबर तोडली आणि तिने ग्रामपंचायतीशी, ठेकेदाराशी आणि जेसीबीच्या ड्रायव्हरशी कसा समझोता केला. शेवटी म्हणाली, "ड्रायव्हरच्या बायकोचा नंबर ठेवा. तो तिचं ऐकतो." सगळा हॉल हसला, पण मागच्या रांगेतले लोक वहीत लिहून घेत होते. तिचं भाषण बसवायला आमच्यातली एक जण तीन रविवार फोनवर होती. ते तीन रविवारही आभारात वाचले गेले.

आपण एकट्याच हे करतो आहोत असं मानू नका. आफ्रिकेत ॲफनॉगच्या परिवारात बायकांनी २००४ साली ॲफचिक्स नावाचा गट उभा केला. केनियाच्या डॉर्कस मुथोनी त्याच्या संस्थापक. बायकांनी बायकांना यंत्रं हातात देऊन शिकवायचं, हे त्यांनी देशोदेशी केलं. २०१४ साली इंटरनेटच्या मानकऱ्यांच्या यादीत, इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये, त्यांचं नाव आलं. युरोपातल्या रायपच्या सभांमध्ये गेल्या काही वर्षांत पाळणाघराची सोय सुरू झाली. ते मला कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्या शिबिरात झाडाला साडीची झोळी बांधून आम्ही हे कधीच केलं होतं!

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला या तारांचं काय? आपल्या हेल्पलाइनला येणारा निरोप याच तारांवरून येतो. मारहाण झालेली बाई रात्री फोनवरून लिहिते ते यांच्यावरूनच. सरकार एखाद्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करतं तेव्हा ते बंद करणारी बोटं कुणा ऑपरेटरचीच असतात. तार कुठल्या वस्तीपर्यंत न्यायची, कुठली आधी दुरुस्त करायची, हे ठरवणाऱ्या खोलीत आपण नसू तर ते आपल्याशिवाय ठरेल. पाण्याच्या नळाबद्दल आपण हे केव्हाच शिकलो. तारेबद्दलही शिकावं लागेल. घरातल्या, वस्तीतल्या मुलींना या कामाकडे पाठवा. अशा परिषदांत विद्यार्थ्यांना आणि नवख्यांना पुष्कळदा सवलत असते, खर्चही मिळतो. त्यांना एवढंच सांगून पाठवा की टेबल मिळालं तर घे, पण फक्त टेबल घेऊ नकोस.

आणि आता परत सकाळच्या सतरंज्यांकडे येते.

ज्या गोष्टीसाठी मी पुरुषांशी भांडले ती आपल्यात नाही का? आपल्या संमेलनांत व्यासपीठावर कोण असतं आणि स्वयंपाकघराजवळ कोण असतं? दलित मैत्रिणींनी हा प्रश्न आपल्याला फार पूर्वी विचारला आहे. वस्तीतल्या बायका मोर्चाला येतात, घोषणा देतात, भाकऱ्या बांधून आणतात, आणि अहवाल लिहिताना 'वस्तीतील महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या' एवढं एक वाक्य होतं. नावं नाहीत. मला ते वाक्य वाचताना 'हसतमुख भगिनी' आठवतात. फरक एवढाच की या वेळी आभार मानणारी मी असते.

आपलं म्हणणं असतं की आपल्यात पदं नाहीत, अध्यक्ष नाही, सगळ्या समान. चांगलं आहे ते. पण पद नसलं म्हणजे सत्ता नसते असं नाही. जिला इंग्रजी येतं, जिला पत्रकार ओळखतात, जिच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे, तिच्या हातात माईक आपोआप जातो. आमच्या नेटवर्कवाल्यांतही पदं नव्हती. तिथेही 'आपोआप'च सगळं झालं होतं. या आपोआप शब्दाचा मला आता फार संशय येतो.

मी उपाय सांगायला आलेली नाही. पण आम्हाला उपयोगी पडलेल्या दोन साध्या गोष्टी सांगते, त्या करून बघा. पुढच्या संमेलनाच्या आधी कामांची यादी भिंतीवर लावा, सगळी कामं, भांडी घासण्यापासून ठराव लिहिण्यापर्यंत. प्रत्येकीने त्यात दोन कामं घ्यायची. एक जे तिला येतं, आणि एक जे तिने कधी केलेलं नाही. ठराव लिहिणारीने चहा करावा, चहा करणारीने ठराव वाचावा. वेळ जास्त लागेल. ठरावात शुद्धलेखनाच्या चुका होतील, चहा कडू होईल. होऊ द्या. आणि दुसरं, शेवटी आभार मानताना नाव आणि काम दोन्ही वाचा. पाच मिनिटं लागतात, जास्त नाही.

मी सुरुवात करते. आज सकाळी सतरंज्या घालणाऱ्या चौघींना मी त्यांची नावं विचारली होती, ती या कागदावर आहेत. पण ती मी वाचणार नाही. त्यातल्या एकीने, चहाच्या वेळी, मला सांगितलं की तिला काहीतरी बोलायचं आहे, रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही त्याबद्दल. मशीनला नेटवर्क मिळत नाही म्हणून तीन तीन वेळा परत पाठवतात. तो माझ्याच तारांचा प्रश्न आहे, आणि त्यातलं माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे.

माझी वेळ संपायला सात मिनिटं आहेत. ती मी तिला देते. ताई, या, माईक घ्या. आणि जाताना सतरंज्या मी गोळा करीन.